टेकायला एक फांदी

उन्हाळ्यात मी रानातून चालते ती जमिनीकडे बघत. बरोबरची माणसं माना वर करून शेंड्यांवर पाखरं शोधत असतात आणि मी पायानं पाचोळा बाजूला सारत गळून पडलेल्या फांद्या न्याहाळत असते. पळसाची वेडीवाकडी, गाठी आलेली. धायटीची हलकी, साल सुटत चाललेली. करवंदीची, काटे झिजून बोथट झालेली. हिरड्याची, जिच्यावर करड्या-हिरव्या दगडफुलाच्या झालरी वाळून बसल्या आहेत. एकेक उचलायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून जाडी बघायची, सालीवरून नख ओढायचं, नाकाशी न्यायची. उन्हानं तापलेल्या वाळक्या लाकडाला एक कोरडा, जुना वास असतो, बंद घराचं दार वर्षानं उघडावं तसा. मग डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात तिच्यावर एक पक्षी बसवून बघायचा.

बहुतेक फांद्या मी जिथल्या तिथे ठेवून देते.

छायाचित्रकार अशा निवडलेल्या फांदीला 'पर्च' म्हणतात. पक्ष्यानं क्षणभर टेकावं म्हणून मांडलेली फांदी, खुंट, दगड, एखादा फुलांचा तुरा, काहीही. येणारा येईलच असं त्यानं कुणाला सांगितलेलं नसतं, आणि आला तर किती वेळ थांबेल हेही नाही. तरी मांडायची. मांडताना हात हळू होतात, बोलणं आपोआप थांबतं, आणि दोन दगडांच्या फटीत ती फांदी नीट रोवून बसवली की मागे सरकून, गुडघ्यांवर येऊन, पाखराच्या उंचीवरून तिच्याकडे बघताना जग एकदम वेगळं दिसायला लागतं. गवताचं पातं उंच होतं. डबक्यातल्या पाण्याला क्षितिज येतं.

माझी जागा सिंहगडाच्या पायथ्याची, अतकरवाडीजवळची घळ. सुट्टीच्या दिवशी वरच्या वाटेनं गडावर चढणाऱ्यांची रांग लागते, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याच्या गप्पा खालपर्यंत ऐकू येतात, आणि त्याच गप्पांच्या खाली, झाडोऱ्यात, एप्रिलच्या कोरड्या दिवसांत ओढा वाहायचा थांबून दगडांच्या बगलेत ओंजळ-दोन ओंजळी पाणी धरून बसलेला असतो. ऊन आधी गडाच्या कातळावर येतं. तिथून ते फार सावकाश उतरतं. जांभळीच्या शेंड्यावर, मग उंबराच्या खोडावर, मग करवंदीच्या जाळीच्या पाठीवर. घळीच्या तळाशी पोचेपर्यंत त्याचा धारदारपणा गेलेला असतो आणि पानांतून गाळून आलेलं एक मऊ, हिरवट, जवळजवळ ओलं असं ऊन पाण्यावर येऊन थांबतं. या उजेडासाठीच तर सगळा खटाटोप.

तहानलेला पक्षी सहसा पाण्यावर थेट उतरत नाही. हे मला गुरं घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, तेही मी विचारलं नसताना, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याउभ्या. "ताई, ते आदी जांभळीवर बसतंय बघा. मग करवंदीच्या जाळीत शिरतंय. आन् मगच पान्यावर येतंय." त्यांनी बोटानं हवेत एक जिना काढून दाखवला. त्यानंतर मला तो जिना दिसायला लागला. वरच्या फांदीवरून पक्षी सगळा परिसर बघतो. कुठे शिक्रा बसला आहे का, कुठे मांजर आहे का, ते काळं लांबुळकं यंत्र घेऊन बसलेलं माणूस हलतं आहे का. मग एक पायरी खाली येतो, पानांच्या आडोशाला. तिथे थांबतो. करवंदीची जाळी आणि पाणी यांच्यामध्ये मात्र चार-सहा फूट उघडी हवा असते, आणि त्या उघडेपणाशी त्याच्या इवल्या जिवाची घालमेल चाललेली असते. माझी फांदी त्या मोकळ्या जागेत उभी राहते.

ती त्याच्या जिन्याची एक जास्तीची पायरी असते.

फांदी सुंदर असून भागत नाही. ती त्या पक्ष्याच्या पायांची असावी लागते. झाडावर बसणाऱ्या या छोट्या पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे. ती बोटं फांदीभोवती पूर्ण वळली पाहिजेत, नाहीतर पाखरू बसलेलं दिसत नाही, ठेवलेलं दिसतं. माशीमाराला बारीक, उघडी, पानं नसलेली काटकी लागते, कारण तो तिथून हवेतल्या किड्यावर झेपावतो आणि पुष्कळदा वळून त्याच काटकीवर येतो. केशरी डोक्याचा कस्तुर जमिनीवरचा माणूस. (पक्ष्याला माणूस म्हटल्याचं मला काही वाटत नाही.) तो पाचोळा चोचीनं उलथत चालत येतो, चेहऱ्यावरच्या दोन गडद उभ्या पट्ट्या आणि वर तो पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा माथा घेऊन, त्याच्यासाठी काटकी रोवणं म्हणजे त्याला न ओळखणं. त्याला कुजलेला ओंडका हवा, आडवा, शेवाळलेला, एका टोकाला पाण्यात बुडालेला. शिंजिराला फुलाचा देठ पुरतो. दयाळाला सगळ्यात उंच, सगळ्यात वाळका शेंडा लागतो, कारण त्याला गायचं असतं आणि सगळ्यांना ऐकू जायला हवं असतं. सुभगाला पानं हवीत. त्याच्या पिवळ्याहिरव्या अंगाला पानांवाचून उघडं पडल्यासारखं होत असावं.

आणि हळद्या मांडलेल्या फांदीवर येतच नाही. निदान माझ्या तरी. आंब्याच्या गर्द पानोळ्यातून तो पाण्यासारखा गोल, खोल आवाज सोडतो, मधूनच पिवळ्या रंगाचा एक फराटा या झाडातून त्या झाडात जातो, आणि मी कॅमेरा खाली ठेवून नुसती बघत राहते. काही रंग दूरच ठीक.

फांदीपेक्षा जास्त वेळ मी फांदीच्या मागच्या रिकामपणाला देते. तिच्या पाठीशी 15-20 फूट काही नको; त्याच्याही पलीकडे सावलीतली झाडी असेल तर ती लांब लेन्समधून वितळून एकसंध हिरवा अंधार होते, वाळकं गवत असेल तर मधासारखा उजेड, आणि एखादा पांगारा उशिरापर्यंत फुललेला असेल तर धूसर लाल धग. रानात इतका गोंगाट असतो, काटक्यांचा, पानांचा, वेलींच्या गुंत्याचा, की त्यात डोळा पाखराला पुनःपुन्हा हरवून बसतो. ती मोकळी जागा शोधताना मी काही कृत्रिम करत नसते. मी दोन पावलं डावीकडे सरकते, थोडी खाली वाकते, आणि जी शांतता तिथे आधीपासून होती ती भिंगात येते.

मग वाट बघणं. त्याबद्दल फार काही सांगता येत नाही. पाय बधिर होतात, कानाशी चिलटं गुणगुणतात, पाचोळ्यात सरड्याच्या पळण्याचा आवाज उगाच मोठा वाटतो, आणि हळूहळू आपल्या श्वासाचा वेग घळीच्या वेगाशी जुळत जातो. आधी बुलबुल येतात, धीट, बडबडे, नेहमी जोडीनं. चष्मेवाल्यांचा थवा येतो, पाण्याच्या काठी इवले इवले पिवळे जीव दाटीवाटीनं बसतात, आणि कुणाच्या तरी न ऐकू आलेल्या इशाऱ्यावर सगळे एकदम उडून जातात. नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत, इकडून तिकडे गिरकी घेत येतो आणि क्षणभरही स्थिर राहत नाही. पाणी हलतं. पाणी शांत होतं.

दुपार कलताना तो येतो.

स्वर्गीय नर्तक. कुणी बाणपाखरू म्हणतं. हिंदीत तो दूधराज, मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. त्याचं येणं आधी कळतं ते जांभळीच्या अंधारात काहीतरी पांढरं सळसळल्यानं, फीत सोडून दिल्यासारखं, आणि मग तो त्याच जिन्यानं एकेक पायरी खाली उतरतो: काळंभोर, निळसर चमकणारं तुरेदार डोकं, डोळ्याभोवती निळं कडं, बाकी सगळं अंग पांढरं, आणि अंगाच्या पलीकडे, जणू त्याचं नसल्यासारखं, वाऱ्यावर स्वतःचा विचार करत हलणारं ते फूटभर लांबीचं दोन पिसांचं शेपूट. त्याच्यासाठी फांदी निवडताना पायांचा विचार थोडा आणि शेपटीचा जास्त करावा लागतो. फांदीच्या खाली हातभर हवा मोकळी हवी. एखादं पान, एखादा गवताचा तुरा मध्ये आला तरी ती रेषा तुटते. तो बसतो, मान तिरकी करतो, आणि एकाएकी स्वतःला पाण्यात झोकून देतो, छपाक, पुन्हा फांदीवर, अंग फुलवून झटकतो तेव्हा त्या गाळलेल्या उन्हात त्याच्याभोवती थेंबांचं एक वलय उभं राहतं आणि विरतं. पुन्हा झेप. पुन्हा फांदी. तरुण नर तांबूस असतो, पांढरा व्हायला त्याला काही वर्षं जावी लागतात. मादी तांबूसच राहते, लांब शेपटीवाचून, आणि तिच्या त्या आखूड, आटोपशीर बसण्यात मला नराइतकंच देखणेपण दिसतं. तिचे फोटो कमी निघतात. ते बरं नाही.

हल्लीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा आवाज बंद करता येतो. पूर्वी शटर पडलं की पक्षी दचकायचा, एक पंख अर्धा उचलायचा. आता तो काही न कळता न्हातो, आणि मी काही न बोलता बघते.

निळ्याची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यापासून माझं बसणं बदललं. हळद्याचा पिवळा त्याच्या खाण्यातून येतो. फळांतला रंग पिसांत उतरतो. काळा आणि तपकिरी पक्ष्याच्या देहात तयार होतो. पण निळं रंगद्रव्य पक्ष्यांच्या पिसांत नसतं. टिकेलच्या निळ्या माशीमाराच्या पाठीवरचं निळं, हिवाळ्यात हिमालयातून आपल्याकडे येणाऱ्या व्हर्डिटर माशीमाराचं हिरवट निळं, मानेवर काळा ठिपका मिरवणाऱ्या नीलमण्याचं निळं, ही सगळी पिसाच्या घडणीची करामत. पिसाच्या केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, प्रकाश त्यांच्यात शिरतो, विखुरतो, आणि त्यातला निळा तेवढा आपल्याकडे परत फिरतो. असं पीस कुटून भुकटी केली तर निळं उरत नाही. मळकट तपकिरी उरतं.

म्हणजे जे मी टिपते ते पक्ष्याच्या अंगावर असतं आणि नसतंही. सावलीत बसलेला माशीमार पाटीसारखा करडा दिसतो. एक पाऊल पुढे सरकला, उन्हाच्या कवडशात आला, की पाठीवर निळं पेटतं, भुवईवर आणखी उजळ, आणि खाली छातीचं केशरी त्या निळ्याला टेकून उभं राहतं. पीस, ऊन आणि माझा डोळा, तिघं भेटतात तेवढ्यापुरतं ते निळं जन्माला येतं. फांदी रोवताना मी त्या भेटीची जागा ठरवत असते. म्हणून मी आदल्या दिवशी नुसती येऊन बसते, कवडसा कुठून कुठे सरकतो ते बघते, आणि तो जिथे सगळ्यात जास्त रेंगाळतो तिथे दोन दगड ठेवून जाते.

आजोबांच्या म्हशी पाण्यात शिरल्या तरी पाखरं उडत नाहीत, मी खोकले तरी उडतात. त्या म्हशींकडे बघताना मला रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोन इंग्रज भाऊ आठवतात. 1892 मध्ये त्यांनी अंड्यांसकट पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला, आणि 1900 मध्ये पाखरांच्या जवळ जाता यावं म्हणून बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार करून घेतला. आत माणूस आणि कॅमेरा. तेव्हाची यंत्रं अवजड, काचा मंद, त्यामुळे पक्षी नक्की कुठे येईल हे आधी माहीत असावं लागे, आणि पक्षी नक्की येतो अशी जागा म्हणजे घरटं. पुढे कितीतरी वर्षं पक्ष्यांचे फोटो म्हणजे घरट्यावरचे फोटो. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचे स्नेही, सिंगापूरचे लोक वान थो, यांनी भारतातल्या पक्ष्यांची जी चित्रं टिपली तीही मचाणावर, आडोशात तासन्‌तास बसून. त्या चिकाटीपुढे मी मान लवते. पण आता घरट्याजवळ जायचं कारण उरलेलं नाही, आणि पिलांच्या चोचीत घास भरवणारी आई कॅमेऱ्याच्या भीतीनं तासभर दूर बसते हे माहीत असताना जाऊही नये. फांदीनं आपल्याला घरट्यापासून सोडवलं. हे तिचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम.

गाणं मात्र फांदीवर येऊनही फोटोत येत नाही. पावसाळ्यात आंबोलीला, अजून उजाडायचं असताना, धुक्याच्या पलीकडून शीळकरी कस्तुर गायला लागतो. माणसानं रमतगमत, सूर न ठरवता शीळ घालावी तसा, आणि ती शीळ ओल्या कड्यांवरून घसरत घसरत खालच्या दरीत जाते. पक्ष्याचा कंठ आपल्यासारखा गळ्याच्या वर नसतो. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे, छातीत खोल असतो, आणि त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वाजू शकतात. दोन सूर एका वेळी, एका छातीतून. मी काय टिपणार त्यातलं? उघडलेली चोच. गळ्यावरची उभारलेली पिसं. गाताना दयाळाची शेपटी जी अर्धवट वर येते आणि खाली जाते, ती वर असतानाचा क्षण. शास्त्रानं ज्याला गाणाऱ्यांच्या पंक्तीत बसवलेलं नाही तो नवरंग, पहिल्या पावसाच्या सुमारास येतो आणि पहाटे-संध्याकाळी मान मागे टाकून दोनच स्वरांची शीळ घालतो. त्याचा फोटो बघताना रंग मोजता येतात, हिरवा, निळा, शेंदरी, आणि ती शीळ आठवावीच लागते. ज्यानं ऐकलेली नाही त्याला तो फोटो अर्धाच दिसतो.

गोव्याच्या रानात, कर्नाटकात गणेशगुडीला, लोकांनी झाडांखाली पाण्याची उथळ भांडी मांडून, शेवाळलेली लाकडं रचून पाखरांसाठी न्हाणीघरंच उभी केली आहेत. तिथे बसल्यावर गोव्याचा राज्यपक्षी, तो पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा बुलबुल, इतक्या जवळ येतो की त्याच्या पांढऱ्या डोळ्यात झाडांची सावली दिसते. मला त्या जागा आवडतात. गावातल्या कुणाला त्यातून मिळकत होते आणि रान राखावंसं वाटतं. तरी मन ओढ्याकडेच धावतं, जिथे पाखरू येण्याचं काही ठरलेलं नाही.

कारण कित्येकदा ते येतं आणि माझ्या फांदीकडे ढुंकूनही बघत नाही. शोधून आणलेली, जाडी पारखलेली, कवडशात बसवलेली फांदी रिकामी उभी असते आणि तीन हातांवर घाणेरीच्या एका वाकड्या, धुळकट काटकीवर निळा माशीमार बसून छोटंसं, चढत उतरत जाणारं गाणं म्हणतो. मागे गुंता. उजेड वाईट. पण त्याचं बसणं बघावं: पाय किंचित फाकलेले, अंग सैल, शेपटी खाली, डोळा ओलसर काळा. ती जागा त्याची आहे हे त्याच्या प्रत्येक पिसातून कळतं. असे फोटो मी कुणाला दाखवत नाही, पण घरी मोठे करून लावले आहेत ते हेच.

ज्यांना वाट बघायची नसते ते फांदीच्या गाठीत अळ्या टोचून ठेवतात, मोबाइलवर नराचं गाणं लावतात, हिरव्या फांद्या तोडून आणतात. फोटो मिळतो. त्या गाण्याला फसून आपली मादी, आपलं खाणं सोडून, नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत राहिलेला तो नर मी बघितला आहे. तुरा उभारलेला, धाप लागलेला, या फांदीवरून त्या फांदीवर. त्याच्या डोळ्यांतली ती शोधाशोध ज्या फोटोत आहे तो कितीही धारदार असो, मला तो वाईट फोटो वाटतो.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाचला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सलीम अलींचा. तेव्हा पुष्कळजण पहिल्यांदा कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यातले तुम्ही असाल तर पुढच्या एप्रिलपर्यंत थांबा आणि जवळच्या एखाद्या आटत्या ओढ्याकडे जा. फांदी गळून पडलेलीच घ्या. ती रोवण्याआधी एक दिवस नुसते बसा. गाणं लावू नका, अळ्या टाकू नका, घरटं दिसलं तर वाट बदला. भर दुपारी तासभर तिथून उठून लांब जा, कारण त्या वेळी ते पाणी पाखरांना पूर्ण मोकळं हवं असतं. आणि निघताना फांदी काढून पुन्हा पाचोळ्यात ठेवा.